आप्पाचं घर कोणत्या राज्यात

बसलिंगआप्पाची आन् मपली वळख डिझेलपाई झाली. वळख व्हायच्या आदी मपला येडेपना झाला, मंग वळख झाली. मपल्या सगळ्या वळखी अशाच झाल्यात. बायकोची सुदा.

मी अर्धापूरचा. केळाचा टेम्पो चालवतो. शेत थोरल्या भावाकडं गेलं, मपल्या वाट्याला ष्टेरिंग आलं. साळंत म्या पाय ठिवला व्हता, पन मास्तरनं आमच्या बापाला बोलवून सांगितलं, ह्या लेकरानं हित बसून बाकडं झिजवन्यापरीस तुमच्या शेतात बसून दगडं झिजवावीत. बापाला ते पटलं. तवापासून मला अक्षर वळखत न्हाई. आकडं तेवढं येतेत, ते बी मैलाच्या दगडावरचे.

त्या टायमाला मी निलंग्याच्या एका बेपाऱ्याला माल द्यायचो, आन् कवा कवा तसाच पुढं कर्नाटकात बसवकल्यानच्या बाजारात जायचो. एक दिवस निस्ता निलंग्याचाच माल व्हता. रस्त्यात एक डायव्हर भेटला. म्हनला, "हिकडं कामून भरतो डिझेल? हद्दीच्या पलीकडं जा की. तिकडच्या सरकारचा कर कमी हाय, लिटरमागं लई फरक पडतो."

झालं. माल भरलेला टेम्पो घेऊन मी निलंग्याच्या बेपाऱ्याच्या दुकानापुढून, त्यानं हात केला तरी न थांबता, तसाच सरळ कर्नाटकात. पंपावर बगतो तर सगळा महाराष्ट्र तिथं उभा. गप्पा मराठीत, शिव्या बी मराठीत. मपला नंबर येस्तोवर ऊन डोक्यावर आलं. टाकी भरली, मोठ्या रुबाबात वापस निघालो, तर येताना खड्ड्यात दोरी तुटली, ताडपत्री उडाली, आन् वरच्या थरातली केळं उन्हानं काळी पडली. बेपाऱ्यानं निम्मा माल मपल्याच अंगावर टाकला.

नवी दोरी पायजे व्हती म्हनून बसस्टँडच्या मागं आप्पाच्या दुकानात शिरलो. दोरी, ताडपत्री, हॉर्न, लायटी, टेम्पोच्या पुढं बांधायचे काळे गोंडे, असलं सगळं दुकानात. आप्पा गादीवर बसलेले. कपाळाला इभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पांढरा सदरा, खांद्यावर टावेल.

"काय झालं रे?"

म्या सांगितलं. सगळं खरं सांगितलं. मला खोटं बोलाय येत न्हाई, त्याला बी डोकं लागतं.

आप्पानं दोरी काढली आन् दोन्ही हात पसरून वाव मोजाय लागले. मोजायचे कानडीत. "वंदू, येरडू, मूरू..." आन् मधी मधी मराठीत मला इचारायचे. "हितून पंप किती लांब? ... नाक्कू ... टेम्पो लिटरला किती पळतो? भरलेला? ... ऐदू ... जाताना भरलेला, येताना बी भरलेलाच ना?"

दोरी मोजून झाली तवाच हिशोब बी झाला. आप्पा म्हनले, "म्हंजी सस्तं डिझेल आनाया तू म्हागाचं डिझेल जाळलं. वर केळं. दोन्ही सरकारला तुझ्यासारखं गिऱ्हाईक पायजे बग. एकाला कर दिला, दुसऱ्याला बी दिला, आन् दोघाचा बी फायदा करून घरी आला. काय नाव तुपलं?"

म्या नाव सांगितलं.

"ऱ्हाऊ दे. केळ्याच बरं हाय."

तवापासून निलंग्यात मला कोनीच नावानं हाक मारली न्हाई.

दोरी कापायच्या आदी आप्पा पंजा पसरून एक ईत जास्तीची सोडायचे. परत्येकाला. म्या इचारलं, हे कामून? तर म्हनले, "सरकार आपल्याकून जास्तीचं घेतं, त्याला कर म्हंतेत. आपुन जास्तीचं द्यावं, त्याला काय म्हंतेत मला ठावं न्हाई. पन द्यावं."

आप्पाचं येडच ते व्हतं. मानसाला गान्याचं येड ऱ्हातं, पत्त्याचं ऱ्हातं. आप्पाला दोन राज्याच्या कराचं येड. महाराष्ट्र जास्ती घेतो का कर्नाटक, ह्याच्यावर दुकानात सकाळधरून बोलनं चालायचं. गिऱ्हाईक हॉर्न घ्याया आलं की हॉर्न वाजवून दाखवायच्या आदी आप्पा इचारायचे, "कुठला तू? भालकीचा? तिकडं औंदा घरपट्टी वाढली म्हंतेत, खरं हाय का?" गिऱ्हाइकाला घरपट्टीचं काय ठावं, ते बिचारं बापाला फोन लावायचं. हॉर्न ऱ्हायचा बाजूला.

दारूवर दोन्हीकडं कर किती हे बी आप्पाला तोंडपाठ. आन् आप्पा लिंगधारी, जन्मात थेंब न्हाई घेतलेला. एकदा एका डायव्हरनं इचारलं, "आप्पा, तुमी तर घेत न्हाई, मंग तुमाला कामून जिकीर?" आप्पा म्हनले, "तू घेतो, तुला जिकीर न्हाई. कोनीतरी केली पायजे का न्हाई?"

हाटेलात चहा आला की आप्पा कप उचलायच्या आदी म्हनायचे, "ह्या कपातून आदी दोन घोट सरकारनं पेलेत. आता आपला नंबर." हे मी लई येळा आयकलं. परत्येक येळी हसलो. मला तोच इनोद दुसऱ्या दिवशी नवा वाटतो, हे मपलं एक बरं हाय.

आप्पाचा धाकला भाऊ, मल्लिकार्जुन, बसवकल्यानात ऱ्हायचा. तिथं त्याचं किरानाचं दुकान. सांजच्याला त्याचा फोन यायचा आन् आप्पा फोन मोठ्या आवाजावर टाकून पोत्यावर ठिवायचे, म्हंजी दुकानातल्या सगळ्याला आयकू यावं. भाऊ-भाऊ कानडीत सुरू व्हायचे, तापले की मराठीत यायचे.

"अन्ना, तुमच्याकडं पेट्रोल बग कुठं गेलं!"

"आन् तुमच्याकडं नवी गाडी घ्याया गेलं की? गाडीच्या किमतीत अर्धी गाडी सरकारची!"

"पन पानी सस्तं."

"येतं का?"

"येतं की. दिवसाआड."

"दिवसाआड येनाऱ्या पान्याला रोजची पट्टी! आन् म्हनं सस्तं!"

"तुमच्याकडं रोज येतं काय?"

निलंग्यात बी पान्याचं तसंच. फोन बंद करून आप्पा आमच्याकडं बगायचे आन् म्हनायचे, "दोघं बी चोरच हायत. निस्तं कोन जरा हळू मारतो तेवढं बगायचं."

मला वाटायचं, हा टायमपास हाय. मला पुढचं कवाच दिसत न्हाई. टेम्पोला काच हाय म्हनून चाललंय.

ह्याच येडात मला अकल आली असं मला वाटलं. अकल आली की मपलं नुकसान ठरलेलं. जुना टेम्पो मोडीत निघाला तवा म्या हद्दीच्या पलीकडून एक जुना टेम्पो घेतला, कर्नाटकाच्या नंबरचा. सस्त्यात भेटला. इकनारा म्हनला, "हिथला कर भरलेला हाय, तुमाला काहीच न्हाई." मला ते 'काहीच न्हाई' लई गोड लागलं. आप्पाला न इचारता घेतला. आप्पाला चकित करावं म्हनून टेम्पो सजवून, गोंडे बांधून दुकानापुढं उभा केला.

आप्पानं गोंडे बगितले न्हाईत. नंबर बगितला. "केळ्या, हा टेम्पो कुठं पळवनार?"

"हिकडंच. अर्धापूर, निलंगा."

"मंग हिकडचं सरकार म्हनंल की, रस्ता मपला झिजवतो, कर पलीकडं भरतो."

"त्यानला कसं कळंल?"

आप्पानं नंबरच्या पाटीकडं बोट केलं. एवढ्या मोठ्या अक्षरात ल्हेलेलं. मला वाचता येत न्हाई म्हनून मला वाटलं, कोनालाच येत न्हाई.

पुढच्याच साली लातूरच्या अलीकडं गाडी धरली. एका सालाच्या वर दुसऱ्या राज्याची गाडी हिकडं चालवली की हिकडचा कर बी भरा, असा नियम. म्हंजी ह्या देशात सस्त्यात गाडी घेऊन दोन राज्याचा कर भरनारा मानूस बगायचा असंल तर तो मी. बायको म्हनली, "तुमचा फोटो दोन्ही सरकारनं हापिसात लावाय पायजे."

पलीकडं भरलेल्या करातलं थोडं वापस भेटतं असं आप्पाला ठावं व्हतं. मला म्हनले, चल. दुकान काकूवर, म्हंजी आप्पाच्या मंडळीवर टाकून मपल्यासंगं टेम्पोत बसून आप्पा पलीकडच्या तालुक्याच्या हापिसात आले. आप्पाची कानडी म्हंजी काय, मायची भाषा. घरात तीच. त्यांचा जन्म बी पलीकडच्या एका खेड्यातला, ल्हानपनी बापासंगं निलंग्यात आले ते हिथलेच झाले. मी मागं उभा राहून मुंडी हालवत व्हतो, जसं काय मला समदं कळून राहिलंय. हापिसातला मानूस हसून आप्पाला काहीतरी बोलला. आप्पानं हळूच टावेल ह्या खांद्यावरचा त्या खांद्यावर घेतला.

भाईर आल्यावर म्या इचारलं, "काय म्हनला तो?"

"म्हनला, तुमी मराठी लोकं लई घाई करता."

मला हसू आलं. "पन तुमी तर कानडीतच बोलले की!"

"हाव."

हितलं पत्र तिकडं, तिकडचं पत्र हिकडं, अशा चार खेपा झाल्या. शेवटाला लातुरात आलो. तिथं खिडकीवर गर्दी, आप्पा पुढं घुसाय लागले तर आतला मानूस वराडला, "ओ कानडी आप्पा, दमानं घ्या की जरा!" सगळी रांग हसली. मी बी हसलो, मला कुठं थांबायचं हे कळत न्हाई. मंग आप्पाचं तोंड बगितलं आन् मपलं हसू दातातच ऱ्हायलं.

पैसं काय लई वापस भेटले न्हाईत. वापस येताना औसा गेल्यावर आप्पा म्हनले, "केळ्या, तू कुठला?"

"अर्धापूरचा. तुमाला ठावं हाय की."

"किती झटक्यात सांगतो रे."

म्या हॉर्न वाजवला.

आता काकूचं सांगाय पायजे. आप्पाच्या मंडळीचं नाव गौराबाई, आमी सगळे काकू म्हनायचो. दुकानाच्या मागं दोन खोल्या, त्या बी किरायाच्या. काकू तिथं दारात बसून ताडपत्रीची शिवन मारायची. जाड दाभन, जाड दोरा, तळहाताला कातड्याचा तुकडा बांधलेला. मपल्या टेम्पोवरची ताडपत्री काकूच्याच हातची, अजून उसवली न्हाई. बोलायची थोडं, पन बोलली की दाभन मारल्यागत. लेकरंबाळं न्हाईत. लगीन झाल्यापासून काकूचं एकच मागनं, सोताचं घर. म्हनायची, "भिताडाला खिळा ठोकायचा तरी मालकाला इचारावं लागतं. देवाचा फोटो सुदा इचारून टांगला."

आप्पाकडं घर घ्यायची ऐपत न्हाई असं न्हाई. दोघं जन्मभर राबलेले, खर्च कायबी न्हाई. पन घर घ्यायचं म्हनलं की आप्पाचं सुरू. निलंग्यात घ्यावं तर घरपट्टी अशी. बसवकल्यानात भावाच्या गल्लीत घ्यावं तर नोंदनीला तसं. एका साली कर्नाटक सस्तं निघायचं, आता जावं म्हनस्तोवर तिकडचं सरकार काहीतरी वाढवायचं. मंग महाराष्ट्र सस्तं. मंग हिकडचं वाढायचं. दोन्ही सरकारं जसं काय आप्पावर डोळा ठिवून व्हती. आमाला मज्जा वाटायची. काकूला मज्जा वाटत नसंल हे मपल्या डोक्यात आलंच न्हाई कवा.

त्या साली घरमालकाचं पोरगं पुन्याची नोकरी सोडून बायको-लेकरासंगं वापस येनार असं झालं. मालक चांगला मानूस, हात जोडून म्हनला, "आप्पा, दुकान चालू द्या, पन दिवाळीच्या आत मागच्या खोल्या रिकाम्या करा." आता टाळायला जागाच ऱ्हायली न्हाई. दोन घरं नजरंत व्हती. निलंग्यात एका जुन्या कंपौंडरचं दोन खोल्याचं घर, पुढं ओटा, मागं शेवग्याचं झाड. आन् बसवकल्यानात भावाच्या घराला लागून एक. किंमत जवळपास सारखीच.

मी माल उतरवून दुकानात गेलो तर आप्पा बोटं मोजून राहिले. "हिकडं पट्टी कमी, पन खरेदीला जास्ती. तिकडं खरेदीला..."

काकू दारातून म्हनली, "घटस्थापना झाली."

"करतो की. हिशोब तर लागू दे."

"दोन राज्यं डोक्यात घेऊन फिरता. घर एका बी राज्यात न्हाई."

दुकानात मी आन् दोन गिऱ्हाईकं. मोठ्या मानसाचं भांडन व्हाय लागलं की शहाना मानूस भाईर जातो. मी आत सरकलो आन् तोंड उघडलं. "आप्पा, काकूच्या नावानं घ्या की. आपल्या महाराष्ट्रात बाईच्या नावानं घर घेतलं तर खरेदीला सूट ऱ्हाती म्हनं."

मला हे ठावं कसं? मपल्या सासऱ्यानं आमाला नांदेडला खोली घेऊन दिली तवा ती मपल्या बायकोच्या नावानं केली. म्या इचारलं, मपल्या कामून न्हाई? तर सासरा म्हनला, "सूट भेटती." पुढं कळलं, सूट हे कारन दोन नंबरचं व्हतं. एक नंबरचं कारन मी.

मला वाटलं आप्पा शाबासकी देतील. आप्पाची मोजती बोटं तशीच ऱ्हायली.

काकूनं दाभन खाली ठिवलं. "खरं हाय का हे?"

आप्पा दोरी गुंडाळाय लागले.

"तुमाला ठावं व्हतं?"

"...हाव. ठावं व्हतं."

"कवापासून?"

"झालं की लई दिवस."

"दारूचा कर सगळ्या गावाला सांगितला. हे एवढं मला सांगाय तोंड नव्हतं?"

"ते धरलं नव्हतं म्या हिशोबात."

"कामून?"

आप्पा खाली बगत म्हनले, "ते धरलं की हिशोब सुटत व्हता."

हे मला तवा कळलं न्हाई. हिशोब सुटला तर बरंच की. पन काकूला कळलं. काकू गिऱ्हाइकाची लाज न धरता बोलली, आन् बोलली मपल्याकडं बगून, आप्पाकडं न्हाई. "यानला हिकडं कानडी म्हंतेत, तिकडं गेलं की मराठी. कंच्या बी गावात घर घेतलं तर तिथलंच व्हावं लागतं, त्याचं भ्या वाटतं यानला. म्हनून कराचा हिशोब घेऊन बसतेत. आन् मी? मला कोनी इचारलं का मी कुठली? मला कुठलं बी चालतं. निस्तं दार मपलं पायजे."

उठून आत गेली. गिऱ्हाईकं हॉर्न न घेताच गेली. मी पोत्यावर बसून ऱ्हायलो. आप्पा म्हनले, "केळ्या, तू जा आता." हे एवढ्या हळू म्हनले की मला वाटलं, आता ही दोस्ती गेली. परतीच्या वाटंत म्या सोताला इतक्या शिव्या दिल्या की अहमदपूर कवा आलं कळलं न्हाई.

पुढच्या खेपंला मी दुकानात जायचं टाळलं. माल उतरवला आन् मागल्या रस्त्यानं पळून चाललो, तर आप्पा चौकात आडवे उभे. टेम्पोच्या पुढं हात पसरून, वाव मोजावी तसे.

"पळतो कुठं? सोमवारी खरेदी हाय. साक्षीदार पायजे. येशील का?"

"कुठं, बसवकल्यानात?"

"हितं रे. निलंग्यात. तिच्या नावानं." मंग खिडकीत तोंड घालून म्हनले, "आन् आयक. कोनी इचारलं तर सूट भेटती म्हनून घेतलं असं म्हनू नको."

"मंग काय म्हनू?"

आप्पानं इचार केला. "तू काहीच म्हनू नको. तुझं तेच बरं ऱ्हातं."

सोमवारी मी आंगूळ करून, बायकोनं इस्त्री केलेला सदरा घालून हापिसात हजर. जन्मात पयल्यांदा कोनीतरी मला साक्षीला बोलवलेलं. एरवी मी आरोपीत ऱ्हातो. मशीनवर अंगठा ठिवा म्हनले. ठिवला. मशीन गप. पुसून ठिवा. ठिवला. गप. दुसरा ठिवा. केळाचा घड उचलून उचलून, चिकानं अंगठे काळे आन् गुळगुळीत झालेले, रेघच ऱ्हायली न्हाई. मशीन म्हनलं, हा मानूस न्हाईच. शेवटाला भाईरच्या चहावाल्याला आत बोलवून साक्षीदार केला. त्यानं आत यायच्या आदी इचारलं, "चहाचे पैसे कोन देनार?" मी म्हनलो, मी. तेवढीच मपली साक्ष.

काकूची सही आली. काकूनं पेन घेतला, पदर सावरला आन् सही केली. कानडीत. गोल गोल, रांगोळीचे ठिपके जोडल्यागत. ल्हानपनी माहेरात तेवढी शिकलेली.

टेबलावरचा मानूस म्हनला, "मावशी, मराठीत येत न्हाई का?"

वाईट म्हनला न्हाई तो, सहज म्हनला. पन मला लातूरची खिडकी आठवली आन् म्या आप्पाकडं बगितलं. वाटलं, आता टावेल ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर जानार.

आप्पा पुढं झाले. टेबलावर दोन्ही हात ठिवले. दुकानात भावाशी फोनवर भांडायचा तो आवाज काढला, मोठा, चौकापोतर जानारा. "साहेब, घर हितलं हाय. कर हितं भरनार हाय. सही तिची हाय. तिला जशी येती तशी करंल. चालंल का?"

"चालंल की आप्पा, मी निस्तं इचारलं."

"मी बी निस्तं सांगितलं."

काकूनं सगळ्या पानावर तशीच सही केली. घाई केली न्हाई.

सांजच्याला भावाचा फोन आला. आप्पानं फोन पोत्यावर ठिवला न्हाई, कानाला लावला आन् दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. भाऊ चिडला असनार, बसवकल्यानातलं घर हातचं गेलं म्हनून. आप्पा निस्तं "हौदु, हौदु" करत व्हते. हाव, हाव. शेवटी मराठीत म्हनले, "अरे, जास्तीच पडलं बाबा. तुझं बरोबर व्हतं. हितंच जास्ती पडलं." आन् हसले.

खरं जास्ती पडलं का कमी, ते मला इचारू नका. मला सस्त्यात गाडी घेता येत न्हाई.

पुढं मपली वाट बदलली. अर्धापूरचा माल देगलूरच्या वाटेनं हैदराबादला जाय लागला. हैदराबादचा बेपारी रोकडा देतो आन् मला नावानं हाक मारतो, त्याची अजून सवय झाली न्हाई. निलंगा सुटलं ते सुटलंच.

शेवटाचं आप्पाला बगितलं ते वाट बदलायच्या आदीच्या खेपंला. घर घेऊन पाच-सहा महिने झालेले असतील. दुकान बंद दिसलं. शेजारचा म्हनला, नगरपरिषदेत गेलेत दोघं, घरपट्टीचा पयला कागद आलाय. आप्पाला ती पट्टी जास्ती वाटून राहिली म्हनं, तकरार करायची म्हनत व्हते. काकू म्हनली, तकरार करायची तर घराच्या मालकिनीनं करायची. मला तकरार न्हाई. मला भरायची हाय.

मपला रस्ता तिकडूनच व्हता. नगरपरिषदेच्या पुढं गर्दी, मार्चचा महिना, सगळे भराय आलेले. टेम्पो हळू केला. काकू आत रांगेत उभी दिसली, नवं लुगडं नेसलेली. पुढं दोन-चार मानसं. आन् आप्पा भाईर. रांगेत न्हाईत, तिच्या संगं न्हाईत. भाईरच्या खिडकीची सळई धरून, चवड्यावर उभे राहून आत बगत व्हते. कोनी धक्का दिला तरी हालेनात. वहानेतनं एक टाच वर आलेली.

म्या हॉर्न वाजवावा म्हनून हात नेला. आप्पानं कुठला बी हॉर्न वळखला असता, जन्मभर इकले की. पन काकूचा नंबर आला तेवढ्यात. काकू खिडकीपाशी सरकली, कमरंची पिशवी सोडली. आप्पा अजून जरा वर झाले.

मागचा जीपवाला वराडला, "ए कर्नाटक, हाल की पुढं!" मपली पाटी अजून जुनीच व्हती, तिच्यावरचा नंबर बगून म्हनला तो. म्या गेर टाकला आन् हळूच पुढं निघालो.